डच शब्दांचं क्विझ अ‍ॅप: खरी मेहनत चुकीच्या पर्यायांची

डच भाषेत मजेशीर जोडशब्द मुबलक आहेत. हातमोजा म्हणजे 'हांटस्खून', शब्दशः हाताचा बूट. कासव म्हणजे 'स्खिल्टपात', ढालवाला भेक. जीन्सला म्हणतात 'स्पेइकरब्रूक', म्हणजे खिळ्यांची विजार. हे खिळे म्हणजे खिशांच्या कोपऱ्यांवरचे रिव्हेट. असे शंभरेक शब्द जमवणं सोपं आहे. क्विझ रंगतं की नाही हे मात्र प्रत्येक प्रश्नातल्या तीन चुकीच्या पर्यायांवर ठरतं. माझा बहुतेक वेळ त्यांच्यावरच गेला.

नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये राहून डच शिकणारे मराठी लोक डोळ्यांसमोर ठेवून मी हे अ‍ॅप बांधलं. डच शब्द रोमन लिपीत, प्रश्न आणि पर्याय मराठीत. एका फेरीत 10 प्रश्न ठेवले, तर साठ्यात निदान 120 शब्द हवेत. नाहीतर लवकरच तेच तेच शब्द समोर येऊ लागतात. सगळा मजकूर आधी स्प्रेडशीटमध्ये भरला. रकाने असे: शब्द, आर्टिकल (नामाआधी येणारं 'दे' किंवा 'हेट'), अर्थ, शब्दशः फोड, तीन चुकीचे पर्याय, दोन ओळींचा खुलासा, प्रदेश आणि अर्थ कुठे तपासला ते. शेवटचा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण कुणी हरकत घेतली की तोच कामी येतो.

स्पेलिंगसाठी 'हिरवं पुस्तक' या नावाने ओळखली जाणारी अधिकृत शब्दसूची प्रमाण मानली. ती इंटरनेटवर मोफत पाहता येते. जुन्या शब्दांसाठी 1864 ते 1998 या काळात प्रसिद्ध झालेला डच भाषेचा महाकोश आहे. तोही मोफत वाचता येतो. फान डाले या प्रसिद्ध डच शब्दकोशातल्या व्याख्या मात्र उचलू नयेत, त्यांवर स्वामित्वहक्क आहे. डच विकिकोशातला मजकूर घ्यायचा असेल, तर श्रेय देऊन त्याच परवान्याखाली पुढे द्यावा लागतो. मी सगळे अर्थ तपासून स्वतःच्या शब्दांत लिहिले. तेच सोयीचं पडतं.

शब्दाची फोड करताना व्युत्पत्ती पाहिल्याशिवाय काहीही छापू नये. 'नेइलपार्ट' म्हणजे पाणघोडा, आणि 'नाईलचा घोडा' ही त्याची फोड खरी आहे. पण 'लाउपार्ट' म्हणजे बिबट्या. त्यात 'लाउ' म्हणजे आळशी आणि 'पार्ट' म्हणजे घोडा दिसतो, तरी शब्द आलाय लॅटिनमधल्या 'लेओपार्डुस'वरून. इथे घोड्याचा काही संबंध नाही. म्हणून फोडीचा रकाना मी रिकामा सोडला आणि 'आळशी घोडा' हाच एक चुकीचा पर्याय केला.

चारही पर्याय एकाच जातीचे हवेत: क्रियापद तर चारही क्रियापदं, माणूस तर चारही माणसं. लांबीही सारखी हवी. बरोबर उत्तर अचूक लिहिण्याच्या नादात ते सर्वांत लांब होतं आणि डच न येणाराही ते ओळखतो. 'एइसबेरन' हे क्रियापद ध्रुवीय अस्वलावरून आलंय. त्याचे पर्याय ठेवले: येरझारा घालणं, थंडीने कुडकुडणं, बर्फावरून घसरणं, घरात दडून बसणं. पहिला बरोबर, बाकीचे तिन्ही अस्वलामुळे पटण्यासारखे वाटतात. 'मुखनझिफ्टर' म्हणजे डास चाळणारा, अर्थ मात्र बारीकसारीक गोष्टींचा कीस काढणारा.

इथे एक सापळा आहे. शब्दशः अर्थ दर वेळी चुकीचा ठेवला, तर चारपाच प्रश्नांतच लोक तो पर्याय वगळायला शिकतात. म्हणून साधारण तिसरा हिस्सा प्रश्नांत शब्दशः अर्थाच्या जवळचंच उत्तर बरोबर ठेवावं. 'स्टॉफझाउखर', धूळ शोषणारा, हा खरोखरच व्हॅक्यूम क्लीनर आहे.

'खरा की बनावट' ही फेरी सर्वांत आवडती, आणि रचायला सर्वांत अवघड. डचमध्ये कुणीही दोन नामं जोडून नवा शब्द करू शकतो, त्यामुळे बनावट जोडशब्द कुठेतरी वापरात सापडतोच. बनावट शब्दाचं मूळच अस्तित्वात नसलेलं घ्यावं आणि मग सूचीत, महाकोशात व इंटरनेटवर शोधून खात्री करावी. खऱ्या बाजूला फान डालेचे 'वर्षाचा शब्द' ठरलेले शब्द उत्तम: 2007 चा 'बोकिटोप्रूफ', म्हणजे त्याच वर्षी रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात आपल्या आवारातून निसटलेल्या बोकिटो गोरिलालाही रोखेल असा, किंवा 2015 चा 'शूमलसॉफ्टवेअर', मोटारींच्या धुराच्या चाचणीत फसवणारी प्रणाली.

प्रदेशाचा रकाना विसरू नका. 'लोपन' म्हणजे नेदरलँड्समध्ये चालणं, पण फ्लँडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या डचभाषक भागात, बहुधा धावणं. दोन्ही अर्थ पर्यायांत आले तर प्रश्नच बाद.

तांत्रिक बाजू त्यामानाने सोपी. स्प्रेडशीटवरून जेसन फाइल (माहिती साठवण्याचा साधा मजकुरी प्रकार), एक स्थिर वेबपान, सर्व्हर नाही. पर्याय पिसण्यासाठी सॉर्ट, म्हणजे क्रम लावणाऱ्या फंक्शनमध्ये रँडम घालण्याची पळवाट वापरू नये, त्याने काही क्रम जास्त वेळा येतात. सगळे क्रम सारख्याच शक्यतेने देणारी फिशर-येट्स पद्धत सात-आठ ओळींत बसते. वाक्याच्या सुरुवातीला 'आय-जे' या जोडीची दोन्ही अक्षरं मोठी करावी लागतात. नेहमीचं फंक्शन पहिलंच अक्षर मोठं करतं, म्हणून वेगळी अट हवी. टाइप करून उत्तर देण्याच्या फेरीत एका अक्षराची चूक माफ करायचा मोह होतो, पण डचमध्ये तो घातक: एक 'ओ' असला (bom) तर बॉम्ब, दोन असले (boom) तर झाड. माफी फक्त स्वरावरचे दोन टिंब राहून गेल्यास.

उच्चारासाठी ब्राउझरचाच आवाज वापरला. आवाजांची यादी सुरुवातीला रिकामी येऊ शकते, ती भरल्याची सूचना येईपर्यंत थांबावं लागतं. यंत्रात डच आवाज नसेल तर बटण लपवावं, कारण इंग्रजी आवाजात डच 'ख' कधीच येत नाही. गुण ब्राउझरमध्येच साठतात, पण सफारीमध्ये सात दिवसांच्या वापरात पानाला हात लागला नाही, तर ते पुसले जातात. पान होम स्क्रीनवर घ्यायला सांगितलं की ही अडचण टळते.

प्रकाशनाआधी यादी एका डच आणि एका फ्लेमिश वाचकाला दाखवावी. त्यांना बरोबर उत्तर विचारू नये; प्रत्येक चुकीचा पर्याय पुढे ठेवून विचारावं, 'हेही कुठे बरोबर ठरेल का?'