रिक्त जागा : एक

विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात मी कक्ष अधिकारी आहे. प्रवेशअर्जांची मुदत संपायला तीन दिवस उरले असताना एक मुलगी माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. दुष्काळी तालुक्यातून पहाटेच्या एसटीने आलेली, एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवणारी. जेआरएफचे, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीचे, प्रमाणपत्र तिने लॅमिनेट करून आणले होते. "सर, फेलोशिप मिळालीय, पण पैसे कधी सुरू होतात ते कुणी सांगत नाही," ती म्हणाली.

नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत जेआरएफ मिळते ती फक्त पात्रता; मार्गदर्शक मिळून, मुलाखत होऊन आणि संशोधन केंद्रात रुजू झाल्यावरच पैसे सुरू होतात, हे मी तिला समजावले. जानेवारी 2023 पासून लागू झालेल्या दरांनुसार पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 आणि पुढे 42,000 रुपये, घरभाडे वेगळे. मात्र पगारी काम सोडावे लागते. "म्हणजे आधी तासिका सोडायच्या?" तिने विचारले. नोंदणी होईपर्यंत सोडू नकोस, असे मी सांगितले. नियमपुस्तिकेत हा सल्ला नाही.

मार्गदर्शक तिने आधीच ठरवला होता. मार्गदर्शकांकडे किती विद्यार्थ्यांची जागा आहे, हे सांगणाऱ्या आमच्या रिक्त जागांच्या यादीत एका प्राध्यापकांच्या नावापुढे 'एक' असा आकडा होता आणि त्या एका आकड्यावर तिने वर्षभर तयारी केली होती. मी त्यांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "अहो, मला निवृत्तीला 14 महिने राहिलेत."

ती यादी मीच तयार केली होती. प्राध्यापकाला 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 विद्यार्थी, या मर्यादेतून सध्याचे विद्यार्थी वजा करून मी आकडे भरले होते. परंतु निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या शिक्षकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही, ही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या पीएच.डी. विनियमांतील तरतूद वजाबाकीत धरायची राहून गेली होती. तिच्यासमोर हे कबूल करताना मला पाण्याचा पेला उगाच दोनदा उचलावा लागला.

तिचा विषय पाझर तलावांत साचणाऱ्या गाळाचा आणि त्याखालच्या शिवारातील पीकबदलाचा होता. 1972 च्या दुष्काळात तिच्या आजीने अशाच एका तलावाच्या बांधावर माती वाहिली होती, हे तिने अगदी ओघात सांगितले. मग आम्ही 'शोधगंगा' उघडली. तिथे देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध ठेवलेले असतात आणि प्रत्येकावर मार्गदर्शकाचे नाव असते. कुणाची खरी आवड कशात आहे, हे माहितीपत्रकापेक्षा तिथे चटकन कळते. पाणलोट, मृदाधूप, जमीनवापर असे शब्द टाकत तासाभरात तीन नावे हाती लागली. त्यातील एका संलग्न महाविद्यालयातील सहयोगी प्राध्यापक बाईंकडे दोन जागा खरोखरच रिकाम्या होत्या. या वेळी मी त्यांची जन्मतारीखही तपासली.

बाईंनी फोनवर तिला वीस मिनिटे प्रश्न विचारले. जेआरएफ असल्याने तिला प्रवेशपरीक्षेतून सूट होती, मुलाखत मात्र द्यायची होती. शनिवारी बाईंचे संमतीपत्र घेऊन ती परत आली आणि अर्ज वेळेत दाखल झाला.

दुरुस्त केलेली यादी मी शुक्रवारीच संगणक विभागाकडे पाठवली होती. संकेतस्थळावर ती बदलायला अकरा दिवस लागले. तोवर त्या प्राध्यापकांना आणखी चार उमेदवारांचे फोन येऊन गेले होते.