सातच्या ठोक्याला मंदावणारी लाइन

माझ्याकडे आलेली तक्रार अशी होती: दिवसा अर्ध्या मिनिटात उतरणारा सीटी स्कॅन संध्याकाळी सातनंतर सहा-सात मिनिटं घेतो. इंदूरच्या सुदामानगरात राहणाऱ्या एक रेडिओलॉजिस्ट रात्रीच्या पाळीत घरूनच धार जिल्ह्यातल्या एका रुग्णालयाचे स्कॅन वाचतात. प्लॅन १०० एमबीपीएसचा. कंपनीच्या कॉल सेंटरचं उत्तर ठरलेलं होतं. स्पीड टेस्ट ९६ दाखवते, व्हिडिओ फोर-केमध्ये न अडकता चालतो, म्हणजे दोष रुग्णालयाच्या सर्व्हरचा. रुग्णालयाचा आयटीवाला म्हणत होता, दोष घराकडच्या लाइनचा.

आधी हिशेब मांडावा लागतो. सीटीचा एक काप म्हणजे ५१२ गुणिले ५१२ ठिपके, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे साधारण अर्धा एमबी. अपघाताच्या रुग्णाचं छाती-पोट मिळून ८०० काप निघाले की ४०० एमबी झाले. एका बाइटात आठ बिट आणि एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, त्यामुळे ९५ एमबीपीएसने ते ३४ सेकंदांत यायला हवेत. सहा मिनिटं चाळीस सेकंद लागत असतील, तर वेग बरोबर ८ एमबीपीएस येतो. डोक्याचा साधा सीटी याहून बराच लहान असतो. पण पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं आणि त्यातला बराचसा वेळ गावाहून रुग्णालयात पोचण्यातच गेलेला असतो. तिथे रांगेत पुढे एखादा मोठा स्कॅन अडकलेला असणं परवडत नाही.

घरातलं आधी बाद केलं. वायफाय बंद करून लॅपटॉप कॅट-सिक्स केबलने थेट ओएनटीला, म्हणजे फायबर घरात येतं त्या डब्याला, लावला. पोर्ट १ गिगाबिटवर जुळलंय ना, हे पाहणं महत्त्वाचं. केबलची एक जोडी जरी तुटलेली असली तरी पोर्ट १०० वर उतरतं, आकडा ९४ च्या आसपास अडकतो आणि १०० च्या प्लॅनवर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. ओएनटीवर प्रकाशाची पातळी उणे १९ डीबीएम होती. जीपॉनमध्ये, म्हणजे घरोघरी फायबर नेण्याच्या या पद्धतीत, उणे २७ पर्यंत चालतं, त्यामुळे फायबर वाकलंय किंवा स्प्लाइस (फायबरचा जोड) खराब झालीय ही शंकाही गेली. शिवाय फायबरचा दोष असता तर व्हिडिओही अडकला असता.

मग मुंबईत भाड्याने घेतलेल्या माझ्या सर्व्हरवर आयपर्फ-थ्री हे वेग मोजायचं साधन चालवलं, पोर्ट ५२०१ वर. यात लोक नेहमी गफलत करतात: आयपर्फ मुळात अपलोड मोजतं. डाउनलोड मोजायला 'मायनस आर' द्यावं लागतं, नाहीतर भलत्याच दिशेचा आकडा घेऊन माणूस भांडायला जातो. सहा वाजल्यापासून आकडे ९२, ९३, ९३ असे येत होते. सात वाजले आणि पुढच्याच ओळीत ७.९. त्यानंतर ७.९, ८.०, ७.९, ७.९. एकाच्या जागी आठ समांतर प्रवाह लावले, तरी सगळ्यांची बेरीज तेवढीच. म्हणजे एका जोडणीच्या खिडकीचा, पोच मिळण्याआधी किती डेटा पाठवता येतो त्या मर्यादेचा, हा प्रश्न नव्हता. इंदूर-मुंबई फेरीला, जाऊन-येऊन, १८ मिलिसेकंद धरले तर १०० एमबीपीएससाठी सव्वादोनशे केबीची खिडकी पुरते, आणि आजची कुठलीही ऑपरेटिंग सिस्टिम तेवढी देतेच.

सगळा निकाल या सपाट रेषेत होता. वरची, सगळ्यांची सामाईक लाइन खरोखर भरली की आकडे डोलतात: १४, ६, २२, ९. पिंग, म्हणजे डेटाच्या एका तुकड्याला (पॅकेटला) जाऊन यायला लागणारा वेळ, तर आपण काहीही उतरवत नसतानाही चढतो, कारण रांग इतरांनी भरलेली असते. इथे लाइन रिकामी सोडली की पिंग शांतपणे १८ वर बसायचा, आणि उतरवायला घेतलं की वाढायचा. म्हणजे रांग फक्त याच ग्राहकाची होती, आणि ती कुणीतरी बांधली होती. गर्दी घड्याळ पाहून येत नाही. सात वाजून शून्य मिनिटांनी लागू होतो तो नियम.

एमटीआर, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक टप्प्याचा पिंग मोजणारं साधन, याबद्दल एक सांगायला हवं. मधल्या एका टप्प्यावर ४० टक्के पॅकेट हरवलेली दिसत होती आणि रुग्णालयाचा आयटीवाला त्यावरच बोट ठेवून होता. मधला राउटर पिंगला उत्तर देण्याचं काम मागे टाकतो, म्हणून तिथे गळती दिसते. ती शेवटच्या टप्प्यापर्यंत टिकली तरच खरी. इथे शेवटी शून्य होती.

यानंतरची चाचणी व्हीपीएनची, म्हणजे सगळी वाहतूक बंद बोगद्यातून नेण्याची. नेहमीच्या थ्रॉटलिंगमध्ये (मुद्दाम वेग दाबण्यात) व्हीपीएन लावला की दाबलेली सेवा सुटते, कारण बोगद्यात काय चाललंय ते कंपनीला दिसत नाही. इथे नेमकं उलटं झालं. स्कॅन होता तसाच ८ वर राहिला, आणि इतका वेळ फोर-केमध्ये धावणारा व्हिडिओ बोगद्यातून आल्यावर थोड्याच वेळात ४८० वर घसरला. याचा अर्थ असा की स्कॅनला कुणी मुद्दाम दाबत नव्हतं. संध्याकाळी सगळ्यांनाच ८ वर बांधलं होतं आणि मोजक्या काहींना त्यातून वर उचललं होतं. व्हिडिओचा पत्ता तपासला तर फेरी दोन मिलिसेकंदांची, म्हणजे कॅश, व्हिडिओची जवळ आणून ठेवलेली प्रत, शहरातच. स्पीड टेस्टचा सर्व्हरही दोन मिलिसेकंदांवर. तोच स्पीड टेस्ट दुसऱ्या शहरातला सर्व्हर निवडून चालवला की ८.

मोबाइलवर वीहे नावाचं एक ॲप आहे, अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातून निघालेलं. एखाद्या सेवेची नोंदवलेली वाहतूक ते एकदा जशीच्या तशी आणि एकदा बिट उलटवून पाठवतं आणि दोन्हींचा वेग ताडून पाहतं. चांगलं साधन आहे, पण या प्रकरणात त्याने 'फरक नाही' असंच सांगितलं. कारण ते स्वतःच्या सर्व्हरवरून वाहतूक पाठवतं. पॅकेटच्या पोटात डोकावून केलेला भेदभाव त्याला सापडतो, नुसत्या आयपी पत्त्यांच्या यादीवरून केलेला सापडत नाही. डॉक्टरीणबाईंनी ते आधीच चालवलं होतं, आणि त्या निकालावरच कंपनीने त्यांची बोळवण केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडे घेऊन त्या भागाच्या फ्रँचायझीकडे गेलो. परवाना वरच्या कंपनीचा, अन्नपूर्णा रोडच्या बाजूची एक खोली आणि त्यातलं राउटर याचं. माणूस मराठी, सरळ. त्याने लपवाछपवी केली नाही, राउटरची मांडणी दाखवणारा विनबॉक्स हा प्रोग्रॅम उघडून स्क्रीनच माझ्याकडे वळवली. मायक्रोटिकच्या त्या राउटरच्या मँगलमध्ये, म्हणजे पॅकेटांवर खूण करणाऱ्या नियमांत, दोन पत्तेयाद्या होत्या, एक कॅशची आणि एक स्पीड टेस्टची. त्या याद्यांतल्या पॅकेटांना वेगळी खूण, आणि त्या खुणेला पूर्ण वेग. उरलेल्या सगळ्याला एक सिंपल क्यू (वेग बांधणारी रांग), प्रकार पीसीक्यू (ग्राहकागणिक वाटणी), दर ग्राहकाला रेट ८ एम, वेळ संध्याकाळी सात ते रात्री बारा, आठवड्याचे सातही वार.

"भाऊ, वरचा पाइप मला दर एमबीपीएसला पैसे देऊन घ्यावा लागतो, कॅशचा माल फुकट येतो. संध्याकाळी अर्धी कॉलनी व्हिडिओच बघते. तो अडकला की दहा मिनिटांत वीस फोन. डॉक्टर मॅडमसारखा ग्राहक शेकड्यात एक."

हिशेब खोटा नव्हता. दूरसंचार विभागाच्या परिपत्रकांबद्दल तो अंधारात होता असंही नाही. घरगुती ब्रॉडबँडला एकास पन्नास वाटणीची मुभा आहे, तेव्हा १०० चे २ दिले तरी चालतं, मी तर ८ देतो, हा त्याचा मुद्दा. दूरसंचार नियामक ट्रायने २००९ मध्ये हे प्रमाण घातलं खरं, घरगुती ग्राहकाला १:५० आणि व्यावसायिकाला १:३०. पण ते प्रमाण सगळ्यांनी मिळून पाइप किती वाटून घ्यायचा, एवढंच सांगतं. त्या पाइपातून कुणाचा माल पुढे काढायचा आणि कुणाचा मागे ठेवायचा, याची परवानगी त्यात कुठेही नाही.

डॉक्टरीणबाईंनी तक्रारीत ८ फेब्रुवारी २०१६ च्या ट्रायच्या नियमाचा हवाला दिला होता. फेसबुकच्या फ्री बेसिक्सचा, म्हणजे निवडक साइट फुकट देण्याचा, वाद मिटवणारा तो नियम प्रसिद्ध आहे, त्यामुळे सगळे त्याचंच नाव घेतात. पण तो दराबद्दल आहे: मजकूर पाहून डेटाचा वेगळा भाव लावायचा नाही, लावलात तर दिवसाला ५०,००० रुपये, कमाल ५० लाखांपर्यंत. इथे भाव एकच होता, फरक वेगात होता. वेगाची बाजू नंतर आली. २८ नोव्हेंबर २०१७ ला ट्रायने शिफारशी दिल्या, जुलै २०१८ मध्ये टेलिकॉम कमिशनने त्या मान्य केल्या आणि त्याच वर्षी परवान्याच्या अटींत बदल झाला. त्या अटीत अडवणं, दर्जा उतरवणं, वेग कमी करणं यांच्या जोडीने एखाद्या मजकुराला झुकतं माप देऊन जास्त वेग देणंही स्पष्टपणे भेदभावात धरलं आहे. हे शेवटचं कलम फार थोड्यांना माहीत असतं, आणि आपल्या गल्लीबोळांतल्या बहुतेक राउटरांना लागू पडण्याजोगं कलम तेच आहे. वाहतूक नियोजनाला सूट आहे, पण ते प्रमाणशीर, तात्पुरतं आणि पारदर्शक हवं. रोज पाच तास म्हणजे तात्पुरतं नव्हे. ग्राहकाला एका ओळीनेही कळवलेलं नसेल तर ते पारदर्शकही नव्हे.

कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क, म्हणजे अशा कॅशचं जाळं, ट्रायने या नियमाबाहेर ठेवलंय, हा फ्रँचायझीवाल्याचा दुसरा मुद्दा, आणि तो वजनदार आहे. माझं मत असं: माल शहरात आणून ठेवला, त्यामुळे तो मुळातच लवकर पोचतो, याला कुणाचीच हरकत नाही. दोन मिलिसेकंद आणि अठरा मिलिसेकंद यांतला फरक कॅशने कमावलेला आहे. ८ आणि १०० यांतला फरक मात्र कॅशने केलेला नाही, तो मँगलच्या एका ओळीने केलाय. सूट पहिल्याला आहे.

अमेरिकेतली उलथापालथ पाहिली की परवान्यातल्या अटीची किंमत कळते. तिथे २०१५ मध्ये एफसीसी या दूरसंचार आयोगाने असे नियम केले, २०१७ मध्ये त्याच आयोगाने काढले, एप्रिल २०२४ मध्ये परत आणले, आणि २ जानेवारी २०२५ ला सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ते रद्द केले. आणि तिथेही २००७ मध्ये कॉमकास्ट ही इंटरनेट कंपनी बिटटोरंटच्या (फाइल वाटून घेण्याच्या) जोडण्या बनावट रिसेट पॅकेट पाठवून तोडते, हे रॉब टोपोल्स्की या ग्राहकानेच घरी पॅकेट पकडून शोधलं होतं, सरकारी तपासनिसाने नव्हे. नियम कितीही चांगला असो, आकडे ग्राहकाकडूनच यावे लागतात. ते काढायला लागणारी साधनं आज फुकट मिळतात.

उपाय त्याच राउटरमध्ये होता. पीसीक्यूचा रेट ८ एम काढून शून्य ठेवला, आणि पालक क्यूला, म्हणजे सगळ्यांच्या मिळून एका रांगेला, वरच्या पाइपच्या थोडी खालची कमाल मर्यादा दिली. रेट शून्य असला की पीसीक्यू त्या क्षणी जेवढे ग्राहक काही उतरवत असतील त्यांच्यात पाइप सारखा वाटतो, आणि कोण काय उतरवतंय हे पाहत नाही. मर्यादा पाइपच्या खाली ठेवणं गरजेचं, नाहीतर रांग आपल्या राउटरऐवजी वरच्या कंपनीच्या राउटरमध्ये लागते आणि ही वाटणी कामच करत नाही. वेळेची अट काढून टाकली, कारण पाइप भरल्याशिवाय ही वाटणी जाणवतच नाही. त्या रात्री स्कॅनला ३० ते ६० एमबीपीएस मिळाले. आकडे डोलत होते, आणि तेच खऱ्या गर्दीचं लक्षण. ४०० एमबीला साधारण दीड मिनिट लागलं.

कॅशची यादी त्याने काढून टाकली. कॅशचा माल वरच्या पाइपातून येतच नाही, तेव्हा त्याला वेगळा, पण ग्राहकाच्या १०० च्या प्लॅनमध्येच धरलेला क्यू दिला, आणि व्हिडिओवाल्यांची तक्रार आली नाही. स्पीड टेस्टची यादी काढायला मात्र तो तयार झाला नाही. शेजारच्या कंपनीचा माणूस घरोघरी जाऊन मोबाइलवर ९६ दाखवतो, मी ४० दाखवले तर महिनाभरात कनेक्शन तुटतील, असं त्याचं म्हणणं. ग्राहकाला मोजायला दिलेला गजच खोटा असेल तर बाकीची दुरुस्ती उद्या कुणालाही उलटवता येईल, हे मी त्याला सांगितलं. त्याने मान हलवली, पण यादी ठेवली.

त्या एका मुद्द्यावर डॉक्टरीणबाईंनी तक्रार पुढे नेली आहे. ट्राय वैयक्तिक तक्रारी घेत नाही. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक), समाधान झालं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे अपील, तिथे ३९ दिवसांत निकाल. त्यानंतर दूरसंचार विभागाचा सार्वजनिक तक्रार कक्ष. ग्राहक आयोगाचा रस्ताही उघडा आहे, फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो स्पष्ट केला. अपिलाला जोडलेत ते दोन तक्ते: एकाच मिनिटाला जवळच्या आणि दूरच्या स्पीड टेस्ट सर्व्हरवर घेतलेली मापनं, आणि सात वाजण्याआधीच्या व नंतरच्या आयपर्फच्या ओळी, वेळेच्या शिक्क्यासकट. तक्रारीतलं २०१६ च्या नियमाचं नाव खोडून तिथे परवान्यातली २०१८ ची अट घातली आहे.