स्कॅन झालं, मग मूळ कशाला?

ग्रंथालय बघायला आलेली माणसं निघताना हमखास विचारतात, "मॅडम, आता सगळं स्कॅन झालंय ना? मग ही कार्डं, या वह्या, हे रुमालात बांधलेले कागद कशाला सांभाळता? तेवढीच मुलांना बसायला जागा होईल." विचारणारे आपुलकीनं विचारतात आणि जागेची अडचण खरीच आहे. पण याचं उत्तर दारात उभ्या-उभ्या देता येत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात मी सव्वीस वर्षं काम करते आहे. संस्कृत आणि इतिहास हे आमचे विषय. हस्तलिखित पोथ्या, शिळाप्रेसवर छापलेली पुस्तकं, जुन्या मासिकांच्या फायली असा आमचा संग्रह. मी रुजू झाले तेव्हा संगणकीकरण नुकतंच पुरं झालं होतं आणि सगळ्यांना त्याचा अभिमान होता. पुस्तकांच्या मराठी नोंदी त्या काळच्या एका फॉन्टमध्ये टाइप केल्या होत्या. अशा फॉन्टमध्ये पडद्यावर दिसणारं अक्षर मराठी असतं, आत साठवलेलं मात्र रोमन अक्षर किंवा एखादं चिन्ह असतं. काही वर्षांनी संगणक बदलले, तो फॉन्ट नव्या यंत्रावर चालेना, आणि हजारो शीर्षकांच्या जागी नुसता चिन्हांचा गोळा दिसू लागला. रूपांतर करणारी सॉफ्टवेअरं वापरून पाहिली, तर रफार भलत्याच अक्षरावर चढले आणि जोडाक्षरं फुटली.

तेव्हा कार्डांच्या लाकडी कपाटानं आम्हाला तारलं. ते कपाट रद्दीत काढायचा प्रस्ताव आधीच्याच वर्षी आला होता, फक्त त्यावर सही व्हायची राहिली होती. मी आणि माझी सहकारी अशा आम्ही दोघींनी एकेक खण उपसून कोहा या ग्रंथालयांसाठीच्या संगणक प्रणालीत, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर चालणाऱ्या अक्षरसंकेतात, सगळ्या नोंदी नव्यानं करायला घेतल्या. कोहा मूळची न्यूझीलंडची, विनामूल्य आणि मुक्त आहे, आणि माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. नोंदी करताना लक्षात आलं की, पहिल्या संगणकीकरणात कार्डावरचा निम्मा मजकूर घेतलाच नव्हता. आमच्या आधीच्या ग्रंथपालांनी कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं : 'शेवटची आठ पानं नाहीत', 'यावरचा वाद मासिकाच्या पुढच्या अंकात पाहावा', 'दात्याची टिपणं समासात आहेत, बांधणी करताना कापू नये'. संगणकाच्या तक्त्यात यासाठी रकानाच नव्हता, म्हणून ते सुटून गेलं. या वेळी आम्ही रकाना केला.

शीर्षकांचाही मोठा घोळ होता. जुन्या पुस्तकांवर 'नांव', 'कांहीं', 'पांच' असे अनुस्वार असतात. १९६२च्या लेखननियमांनी ते गेले. आजचा विद्यार्थी 'काही' असं टाइप करतो आणि पुस्तक आमच्याकडे असूनही 'आढळले नाही' असा निरोप येतो. एका सल्लागारानं सगळी शीर्षकं आजच्या नियमांप्रमाणे 'सुधारून' टाका असं सुचवलं होतं. मी ठाम नकार दिला. पुस्तकावर छापलंय तेच शीर्षक नोंदीत हवं. आजच्या लेखनातलं रूप आम्ही २४६ क्रमांकाच्या, म्हणजे पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात घातलं. आता दोन्हीकडून पुस्तक सापडतं. शकाचंही तसंच : शके अधिक ७८ म्हणजे इसवी सन, पण वर्षअखेरच्या महिन्यांत, जानेवारी उजाडल्यावर छापलेलं असेल तर ७९. म्हणून शके आहे तसा ठेवून सन शेजारी लिहितो.

आता पोथ्यांविषयी, कारण खरं उत्तर तिथे आहे.

लेखनिकाची चूक झाली की तो त्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देई. 'हरताळ फासणे' आपण अजूनही म्हणतो. आमच्या पोथ्यांच्या जुन्या स्कॅन-प्रती कृष्णधवल होत्या. त्यात पिवळा रंग उरतच नाही. लेपाखालचं अक्षर मात्र पुसट वर येतं आणि लेखनिकानं रद्द केलेला पाठ, म्हणजे तिथला मजकूर, त्यानं ठेवलेला वाटतो. आमच्याकडच्या एका अभ्यासकानं असाच एक पाठ ग्राह्य धरून लेख लिहायला घेतला होता. छापायच्या आधी एकदा मूळ पोथी बघून जावी म्हणून आले, पान उजेडाकडे तिरपं धरलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. महाभारताच्या चिकित्सक, म्हणजे अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेल्या आवृत्तीसारखं काम, जे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९१९ ते १९६६ चाललं, ते अशा एकेका अक्षराच्या पारखीवर उभं असतं. त्या पोथ्या आम्ही आता पुन्हा रंगीत स्कॅन करतोय. पोथी जागेवर होती म्हणूनच ते करता येतंय.

दुरुस्तीतही हेच झालं. एके काळी पानाला दोन्ही बाजूंनी सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ पापुद्रा लावणं हा सर्वांत आधुनिक उपाय होता. आमच्याकडची तशी काही पानं आता ताठ आणि पिवळी पडली आहेत, आणि तो पापुद्रा सोडवणं फार जिकिरीचं आहे. आता आम्ही जपानी टिश्यू हा पातळ कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतो, कारण ओलावा दिला की ती सुटते. पुढच्या माणसाला आमचं काम उलटवता यावं, एवढी काळजी आम्ही घेतो.

म्हणजे स्कॅनिंगला माझा विरोध आहे असं नका समजू. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला, ५ जानेवारी २००४ला भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. एकच प्रत असणं म्हणजे काय, हे पुण्याला कुणी शिकवायला नको. पुण्याच्याच गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयानं आपली जुनी पुस्तकं डिजिटल भांडारात खुली केली, त्यामुळे गडचिरोलीतल्या विद्यार्थ्याला पुण्याचं तिकीट काढावं लागत नाही. हे फार मोठं काम आहे, आम्हीही त्याच वाटेनं चाललो आहोत. आमच्या फायलींच्या तीन प्रती तीन ठिकाणी आहेत आणि दर वर्षी त्या उघडून तपासतो, कारण फायलीलाही कसर लागते, फक्त ती डोळ्यांना दिसत नाही.

पैसे मात्र स्कॅनरसाठी पटकन मिळतात आणि गळक्या छतासाठी मिळत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दिवसा एसी लावून रात्री बंद केला की पावसाळ्यात कागद रोज ओला-सुका होतो. त्यापेक्षा एसी नसलेला बरा. दमटपणा आटोक्यात ठेवणारं यंत्र चोवीस तास चालू ठेवायला आम्हाला तीन वर्षं अर्ज करावे लागले. पोथ्यांभोवती आम्ही अजून खारव्याचंच जाडंभरडं लाल कापड ठेवतो. आतली वेखंडाची पुरचुंडी बदलतो आणि वर आम्लरहित पुठ्ठ्याची पेटी घालतो.

मुलांना बसायला जागाही झाली आहे. मासिकांच्या दुहेरी प्रती दुसऱ्या ग्रंथालयांना दिल्या आणि खिडकीपाशी सहा खुर्च्या मांडल्या. कार्डांचं कपाट तिथेच भिंतीला लागून आहे. मागच्या महिन्यात एम.ए.ची एक मुलगी उगाच खण ओढून बघत होती, तिला एका कार्डामागे एका वादाचा धागा सापडला आणि आता तिचा प्रबंध त्यावरच आहे. ते टिपण अजून संगणकात गेलेलं नव्हतं. 'श'पासून 'ज्ञ'पर्यंतचे चार खण आमचे राहिले आहेत.