एका टेबलावरचे ३४ दिवस: भावाच्या स्थानबद्धतेचा माझा अनुभव

माझा धाकटा भाऊ राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली ८८ दिवस तुरुंगात होता. त्यातले ३४ दिवस त्याचा अर्ज एका कार्यालयात एका टेबलावर पडून होता. बाकीचं हळूहळू विसरायला होईल, पण ते ३४ दिवस विसरता येत नाहीत. कुणाच्या घरावर अशी वेळ आली तर उपयोगी पडावं म्हणून लिहितेय.

मिरवणुकीत दोन गटांत दगडफेक झाली, त्यात त्याचं नाव आलं. आधीचा मारामारीचा एक गुन्हा होताच. दोन्हीत जामीन झाला, पण तो बाहेर पडायच्या आतच स्थानबद्धतेचा आदेश त्याच्या हातात ठेवला. इथे खटला नसतो, आरोपपत्र नसतं. माणूस पुढे काही करेल म्हणून आधीच आत ठेवायचं, जास्तीत जास्त १२ महिने. आईला हे कसं सांगायचं तेच मला कळेना. ती एकच विचारत होती, "जामीन झाला ना? मग?"

वकील साहेबांनी पहिल्याच भेटीत जामिनाच्या आदेशाच्या झेरॉक्सवर, मागच्या कोऱ्या बाजूला, एकात एक तीन वर्तुळं काढली. सगळ्यात मोठं कायदा आणि सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, आणि अगदी आतलं छोटं राज्याच्या सुरक्षेचं. राममनोहर लोहियांना १९६५ साली बिहारमध्ये भारत संरक्षण नियमांखाली असंच आत टाकलं होतं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी ही वर्तुळं मांडली. हिदायतुल्ला मूळचे आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयातले, तिथे मुख्य न्यायमूर्ती होते. दोन माणसांची किंवा दोन गटांची भांडणं बाहेरच्या वर्तुळात मोडतात. साऱ्या गावाचं जगणं विस्कटलं तरच ती मधल्या, सार्वजनिक सुव्यवस्थेच्या वर्तुळात जातात आणि तरच हा कायदा लावता येतो. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे.

आदेशाला राज्य सरकारने १२ दिवसांत मंजुरी द्यावी लागते, ती आली. स्थानबद्धतेला पुरेसं कारण आहे का, हे तपासणाऱ्या सल्लागार मंडळापुढे तीन आठवड्यांत प्रकरण जावं लागतं, तेही गेलं. मंडळापुढे वकील चालत नाही, पण वकील नसलेला एखादा मित्र किंवा नातेवाईक सोबत घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयातल्या ए. के. रॉय खटल्यापासून ठरलेलं आहे. मी बसले होते. मंडळाने स्थानबद्धता कायम ठेवली.

आता अर्जाबद्दल. संविधानाच्या अनुच्छेद २२(५) प्रमाणे स्थानबद्ध माणसाला आपलं म्हणणं मांडायची संधी लवकरात लवकर मिळाली पाहिजे, आणि सरकारनेही ते म्हणणं वेळ न दवडता विचारात घेतलं पाहिजे. सरकारपुढे त्याच्याकडे तेवढं एकच साधन असतं. धाकट्याने नवव्या दिवशी तुरुंगात बसून अकरा पानं मराठीत लिहिली. एक प्रत राज्य सरकारला, एक केंद्राला, एक सल्लागार मंडळाला. केंद्राची प्रत वेगळी द्यायची हे विसरू नका, कारण हा आदेश रद्द करायचा अधिकार केंद्रालाही आहे. राज्याचं उत्तर लवकर आलं, नामंजूर. केंद्राकडे जायची प्रत मात्र १४ जूनला एका कार्यालयात पोचली आणि तिथेच थांबली.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा टेबलावरचे गृहस्थ चांगले बोलले. म्हणाले, "ताई, परिच्छेदनिहाय अभिप्राय मागवलेत. आले की पुढे पाठवतो." आठवड्याने परत गेले. अभिप्राय आले होते, पण आता अर्जाचं भाषांतर व्हायचं होतं. भाषांतर करणाऱ्या बाई रजेवर. मी म्हटलं, मी करून देते, शाळेत तेच शिकवते. "तसं चालत नाही, ताई." तिसऱ्या खेपेला मला फाइल दिसली. लाल नाडी बांधलेली, वरून 'तातडीचे' अशी चिठ्ठी लावलेली, आणि तिच्यावर पाण्याचा तांब्या ठेवलेला. कागदांच्या कडेला धाकट्याची सही दिसत होती, तीच उजवीकडे चढत जाणारी, शाळेपासूनची. मला त्या माणसाचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. तो वाईट नव्हता. पण त्या कागदामागे कोणीतरी कोठडीत दिवस मोजतोय, हे त्याच्या एकदाही मनात आलं नाही.

तुरुंगातून फोन आला की धाकटा आधी तेच विचारायचा, "ताई, उत्तर आलं का?" मी म्हणायची, येईल. महिनाभर मी तेवढंच म्हणत होते.

देशाच्या सुरक्षेसाठी सरकारकडे असे अधिकार असावेत, यावर माझं भांडण नाही. पण जे सरकार खटला न चालवता माणसाला आत ठेवतं, त्याने त्याचं एक पत्र तरी वेळेवर वाचलं पाहिजे. एवढीसुद्धा मर्यादा पाळायची नसेल तर मग त्या अधिकाराला कायदा तरी का म्हणायचं?

१६ जुलैला मी माहिती अधिकाराचा अर्ज केला. कलम ७(१) मध्ये एक महत्त्वाची सोय आहे. माहिती माणसाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर ती ४८ तासांत द्यावी लागते. आवक खिडकीवर मला "तीस दिवसांनी या" सांगितलं. मी कायद्याचं पुस्तक नेलंच होतं, ते कलम काढून दाखवलं आणि अर्जाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत 'स्वातंत्र्याशी संबंधित, ४८ तास' असं लिहिलं. १८ तारखेला आवक-जावक नोंदवहीची प्रत मिळाली. आवक १४ जून. जावक १८ जुलै, म्हणजे त्याच दिवशी! माझा अर्ज गेला नसता तर फाइल अजून किती दिवस तिथेच राहिली असती, कोण जाणे.

त्या एका पानावर नागपूर खंडपीठात आमची याचिका उभी राहिली. न्यायमूर्तींनी सरकारी वकिलांना एकेका दिवसाचा हिशेब विचारला. प्रतिज्ञापत्रात सुट्ट्या होत्या, भाषांतर होतं, आणि मधले सतरा दिवस काहीच नव्हतं. आदेश रद्द झाला. तीन वर्तुळांवर वकील साहेबांनी इतकी तयारी केली होती, त्याची वेळच आली नाही. धाकट्याचं भांडण बाहेरच्या वर्तुळातलं होतं, हे न्यायालयाच्या तोंडून ऐकायला मिळालं असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं.

स्थानबद्धतेच्या कारणांचे कागद मिळाले की आधी प्रत्येक पान वाचता येतं का ते बघा. आमच्या दोन पंचनाम्यांच्या झेरॉक्स नुसत्या काळ्या होत्या. तेवढ्यावरूनही आदेश रद्द झाल्याची उदाहरणं आहेत. कारणं त्या माणसाला कळणाऱ्या भाषेत लेखी मिळाली पाहिजेत. तोंडी समजावून सांगणं पुरत नाही, हे १९६२ सालीच हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात ठरलंय. आणि तुरुंगात अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्का घ्याच. धाकट्याने तो घेतला होता, नाहीतर मला १४ जूनपर्यंतचा माग लागला नसता.

निकाल दुपारी लागला. त्याची प्रत तुरुंगात पोचून नोंदी होईपर्यंत अंधार पडला. तो बाहेर आला तेव्हा हातात कपड्यांची एक पिशवी होती. काही न बोलता आधी आईच्या पाया पडला. एसटी स्टँडवर चहा पिताना म्हणाला, "केंद्राचं उत्तर आलं होतं का शेवटी?" आलं होतं. दोन ओळींचं, नामंजूर. मी ते पिशवीतून काढून त्याला दिलं. त्याने दिव्याखाली धरून दोनदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

एक सांगायचं राहिलं. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. मला हे दीड महिन्याने कळलं, तोवर आईच्या बांगड्या गहाण पडल्या होत्या.