पाच तास सोबत येणारं माणूस शोधताना

मुंबईत पळणाऱ्या माणसांची वानवा नाही. पहाटे मरिन ड्राइव्हला जा, शिवाजी पार्कला जा, पवई तलावाच्या रस्त्याला जा, रंगीत टी-शर्टांचे जथेच्या जथे दिसतील. पण त्यातल्या बहुतेकांची नजर एकाच गोष्टीवर असते, जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारची मुंबई मॅरेथॉन. मला पळायची होती एसआरटी अल्ट्रा, म्हणजे सिंहगड-राजगड-तोरणा ही ५३ किलोमीटरची डोंगरातली शर्यत. मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरच्या पुढे गेलं की अल्ट्रा, एवढी साधी व्याख्या आहे, पण सह्याद्रीतल्या अल्ट्राची तयारी डांबरी रस्त्यावर होत नाही. आठवड्यातून एक दिवस चार, पाच, पुढे पुढे सहा तास डोंगरात पायांवर राहावं लागतं.

आणि तिथे एकटीने जायचं नाही, हे माझं मीच ठरवलं होतं. राजमाचीच्या वाटेवर बराच वेळ फोनला रेंज नसते. घोटा मुरगळला तर हाक मारायला माणूस हवं. पावसाळ्यात धबधब्यांपाशी बाटल्या घेऊन बसलेली टोळकी असतात, त्यांच्यामधून एकट्या बाईने वाट काढायची म्हणजे काय, हे मुलुंड-ठाण्याच्या कुठल्याही मुलीला विचारा.

बूट, पाण्याची बॅग, हेडलॅम्प, नावनोंदणी, डॉक्टरांचं सर्टिफिकेट हे सगळं सहज झालं. अडलं ते सोबतीपाशी. जवळजवळ अख्खा पावसाळा त्यात गेला, म्हणून हे लिहिते आहे.

मी ज्या रनिंग ग्रुपची वर्षाची फी भरते, तिथेच आधी विचारलं. व्हॉट्सॲपवर साधा मेसेज टाकला: ‘रविवारी नेरळ ते माथेरान आणि वर लाल मातीत चकरा. साधारण पाच तास. कोण येतंय?’ पहिला प्रश्न आला, ‘पेस काय?’, म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं. दुसरा प्रश्नही तोच. नेरळपासून दस्तुरी नाक्यापर्यंत सगळी चढण, माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर. तिथे पेस काय सांगणार? रस्त्यावर साडेसहा मिनिटांत किलोमीटर काढणारी मी चढावर बारा मिनिटं घेते, आणि बराचसा चढ चालतेच. चालते म्हटल्यावर निम्मे लोक गळाले. उरलेल्यांचे अंगठे आले, दंड फुगवलेल्या इमोजी आल्या, ‘ताई मी नक्की’ आलं.

शनिवारी रात्री दहा वाजेपर्यंत सगळे नक्की असतात. रविवारी पहाटे मी ठाण्याच्या फलाटावर कर्जत लोकलची वाट बघत उभी, बॅगेत दोन लिटर पाणी, चिक्की, मीठ-साखरेच्या पुड्या, आणि फोन वाजायला लागतो. ‘ताई सॉरी, पोट बिघडलंय.’ ‘अगं पाहुणे आलेत.’ एकीने तर काहीच कळवलं नाही, दुपारी बाराला हॉटेलातला मिसळीचा फोटो स्टेटसला ठेवला. लोकल येते आणि जाते. घरी परतायचं, तर रविवारचा तो पाच तासांचा दिवस हातचा गेलेला असतो. तो मंगळवारी भरून काढता येत नाही. नोकरी करणाऱ्या माणसाला आठवड्यात तेवढा एकच दिवस मिळतो. हे ज्याला कळत नाही त्याने ‘नक्की’ हा शब्द वापरू नये, असं मला आजही रागाने वाटतं. असे रविवार लागोपाठ गेले.

मग मी ग्रुपच्या कोचना फोन केला. म्हटलं, सर, निदान इतर ठिकाणचे ट्रेलवाले, म्हणजे डोंगरवाटांवर पळणारे, आपल्या ग्रुपवर बोलवू का? ते म्हणाले, ट्रेलची जबाबदारी आम्ही घेत नाही. ठीक आहे, नका घेऊ. पण दुसऱ्याच दिवशी माझा मेसेज ॲडमिनने काढून टाकला, ‘बाहेरचे उपक्रम ग्रुपवर टाकू नयेत.’ मी कुणाला काही विकत नव्हते. पैसे भरलेल्या माणसाने सोबत मागितली, एवढंच. ऑक्टोबर तोंडावर आला होता आणि माझा सगळ्यात लांबचा रन बोरिवलीच्या नॅशनल पार्कातल्या कान्हेरीच्या रस्त्यावरच अडकला होता. तो रस्ता छान आहे, झाडी आहे, पहाटे माणसांची जाग आहे, पण डांबरी आहे. आणि रस्ता सोडून रानात शिरायला वनखात्याची परवानगी लागते. ती लागावीच, बिबट्यांचं घर आहे ते.

सुटका झाली ती त्याच कर्जत लोकलमध्ये. कुणी येणार नाही हे गृहीत धरून एका रविवारी मी गाडीत चढलेच, म्हटलं निदान नेरळला उतरून घाटरस्त्याने वर-खाली करू, तिथे वाहनांची वर्दळ असते. समोर दोर, डबे, काठ्या घेतलेला ट्रेकर्सचा घोळका. त्यातल्या कळव्याच्या काकांनी माझे बूट पाहून विचारलं, ‘पळायला निघालात का बाई?’ मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘भिवपुरीला उतरा आमच्याबरोबर. गार्बेटच्या पठारावरून माथेरानला चढतोय. आम्ही पळणार नाही, पण तुम्ही पुढे जाऊन थांबा, परत मागे या, काय हवं ते करा. नजरेच्या टप्प्यात राहा म्हणजे झालं.’

साठीच्या पुढचे काका, पण चढावर त्यांच्या पावलांना पाऊल लावताना मला धाप लागत होती. दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ थोडी वाकलेली, पाऊल लहान आणि अखंड. मला कुठल्याही कोचने चढ असा चालून दाखवला नव्हता. पठारावर आले की मी पुढे पळत जायचे, वळून परत यायचे, असं माझं अंतर त्यांच्यापेक्षा खूप जास्त व्हायचं आणि तरी मी एकटी नसायचे. माथेरानला पोचल्यावर त्यांनी डबा उघडला, मी थालीपीठ खाल्लं आणि पुढच्या रविवारचं विचारलं. काका म्हणाले, ‘येणार म्हटलं की येणार.’ आणि आले.

त्यांच्याच ओळखीतून डोंबिवलीची एक नर्स मिळाली. तिच्या ड्युट्या बदलत असतात, म्हणून ती महिन्याचं वेळापत्रक आधीच पाठवते आणि त्या दिवशी हजर असते. आजही माझी लांबची सगळी पळापळ तिच्याबरोबर होते.

तेव्हा कुणाला सोबत हवी असेल तर माझं सांगणं असं, की रस्त्यावर पळणाऱ्यांच्या मागे लागण्याआधी ट्रेकर्सना विचारा. त्यांना पाच तास हा काळ मोठा वाटत नाही. पावसात भिजणं, वाट चुकणं, शेवटची टमटम गाठणं हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. विचारताना किलोमीटर आणि पेस सांगू नका, तास सांगा आणि परतीची गाडी सांगा. मी आता दोनच गोष्टी विचारते: शेवटपर्यंत थांबणार का, आणि रद्द करायचं असेल तर आदल्या रात्री नऊच्या आत कळवणार का. नऊनंतर फिरवणाऱ्याला मी पुन्हा बोलावत नाही. याबाबतीत मला कठोर म्हणणारे आहेत, म्हणू देत.

नव्या माणसाबरोबर थेट राजमाचीला जाऊ नका. आधी कान्हेरीच्या रस्त्यावर दोन तास. फाट्यावर तो मागच्यासाठी थांबतो का, एवढं बघा. थांबत नसेल तर कितीही वेगवान असो, डोंगरात उपयोगाचा नाही.

बाईमाणसाने ठिकाण आणि वेळ मोठ्या ग्रुपवर जाहीर करू नये, हे मात्र आधीच सांगायला हवं होतं. मी स्टेशनचं नाव फक्त येणाऱ्यांना कळवते, आणि घरी वाट आणि परतायची वेळ कागदावर लिहून ठेवते.

राजमाचीसाठी आमची ठरलेली वाट: पहाटेची इंद्रायणी ठाण्याला पकडून लोणावळा, तिथून तुंगार्लीमार्गे राजमाचीच्या पायथ्याचं गाव उधेवाडी. हा टप्पा पळायला फार सुंदर आहे, चढ-उतार सौम्य. उधेवाडीत पिठलं-भाकरी, मग कोंढाणे लेण्यांच्या अंगाने कोंदिवड्याला उतरायचं आणि टमटमने कर्जत. हा उतार दगडधोंड्यांचा आहे, मांड्या बोलायला लागतात, आणि तोरण्यासाठी हीच तयारी कामाला आली. पावसाळ्यात बंदी आदेश निघतात, आधी खात्री करून जा.

पाण्याचं एक. घाम येतो म्हणून नुसतं साधं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळतं, माणूस गोंधळल्यासारखं बोलायला लागतं. त्याचं त्याला कळत नाही, बरोबरच्याला कळतं. आमच्या नर्सबाई दर तासाला मला काहीतरी हिशोब विचारतात. उत्तराला उशीर झाला की बसवतात, पाणी थांबवून खारट काहीतरी खायला घालतात.

शर्यत पूर्ण झाली, वेळेच्या आत. काका तोरण्याच्या पायथ्याशी डबा घेऊन आले होते. मला त्या मेडलपेक्षा त्यांच्या येण्याचा अभिमान जास्त वाटला, आणि ग्रुपच्या ॲडमिनचं अभिनंदन आलं त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

आणि हो, रविवारी मेगाब्लॉक असतो. निघण्याआधी शनिवारी रेल्वेचं पत्रक बघा. सहा तास पळून कल्याणला फलाटावर ताटकळायची वेळ आली तर पाय आखडतात, सोबतीचं माणूसही वैतागतं आणि पुढच्या वेळी येताना दहादा विचार करतं.