सुटलेली सवय कुठे परतते

सवय सुटली की ती संपली, असे आपण धरून चालतो. कुत्र्याला पाहून रस्ता बदलणारी मुलगी आता त्याच्या पाठीवरून हात फिरवते, जेवताना मोबाइल मागणारा मुलगा निमूटपणे ताटातले संपवतो, वर्षानुवर्षे पिणारा माणूस व्यसनमुक्ती केंद्रातून बरा होऊन घरी येतो, तेव्हा मनाची पाटी कोरी झाली अशी आपली समजूत होते. म्हणूनच तेच वर्तन पुन्हा दिसले की घरच्यांच्या तोंडून पहिले वाक्य येते ते ‘मुळात मनापासून सोडलेच नव्हते’ हे. मानसशास्त्र शिकवताना, आणि त्याहून अधिक ओळखीच्या कुटुंबांशी बोलताना, हा आरोप मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले. शिकण्याच्या मानसशास्त्राने गेल्या शंभर वर्षांत जे भक्कमपणे दाखवून दिले आहे, त्यात ही गोष्ट फार महत्त्वाची आहे: वर्तन थांबते तेव्हा मूळचे शिकणे बहुधा पुसले जात नाही. त्याच्या जोडीला दुसरे शिकणे येते, आणि हे दुसरे शिकणे ज्या ठिकाणी झाले त्या ठिकाणाला बरेचसे बांधलेले राहते.

याची पहिली चाहूल इव्हान पावलोव्ह यांच्याच प्रयोगशाळेत लागली होती. त्यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी. कुत्र्यांच्या लाळेचा अभ्यास हा त्याच कामातून फुटलेला धागा. मेट्रोनोमच्या ठोक्यांनंतर अन्न मिळते हे कुत्रा शिकला की नुसत्या ठोक्यांनीही त्याच्या तोंडाला लाळ सुटते, एवढा भाग शालेय पुस्तकांतूनही सर्वांना ठाऊक असतो. पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. अन्न न देता ठोके वारंवार ऐकवले तर लाळ कमी होत जाते आणि अखेर थांबते. याला विलोपन म्हणतात. पण त्याच कुत्र्याला काही काळ विश्रांती देऊन पुन्हा ठोके ऐकवले तर, मधल्या काळात अन्नाचा एक कणही न देता, लाळ पुन्हा सुटते. विलोपन चालू असताना एखादा अनोळखी आवाज झाला, तरी थांबलेली लाळ तेवढ्यापुरती परत येते. पावलोव्ह यांनी यावरून काढलेला निष्कर्ष मला आजही अचूक वाटतो: प्रतिक्रिया नष्ट झालेली नसते, ती दाबून धरलेली असते. जे नष्ट झाले ते नुसत्या विश्रांतीने परत येऊ शकत नाही.

माणसाच्या बाबतीत हेच दाखवणारा एक जुना अहवाल आहे, आणि तो वाचताना मला प्रत्येक वेळी त्या मुलाविषयी माया वाटते. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. पीटर सशाला घाबरत असे, आणि सशाबरोबर लोकरीच्या, कापसाच्या, पिसांच्या वस्तूंनाही. जोन्स यांनी त्याला धीर धरण्याचा उपदेश केला नाही आणि सशापुढे जबरदस्तीने बसवलेही नाही. सशाची भीती न बाळगणाऱ्या मुलांबरोबर त्याला खेळू दिले, आणि ससा हळूहळू त्याच्या सहवासात आणला. प्रगती चांगली होत असतानाच पीटरला स्कार्लेट फीव्हर झाला आणि सुमारे दोन महिने तो रुग्णालयात राहिला. तिथून निघताना परिचारिका त्याला घेऊन टॅक्सीत चढत होती, तेवढ्यात एक मोठा कुत्रा त्यांच्या अंगावर आला. दोघेही घाबरले. पीटर प्रयोगशाळेत परतला तेव्हा त्याची सशाची भीती पूर्वीइतकीच झाली होती.

येथे थांबून विचार करण्यासारखे आहे. सशाने त्याला काहीही केले नव्हते. कुत्र्याचा प्रसंग वेगळ्या जागी, वेगळ्या प्राण्याबरोबर घडला होता. तरीही जी भीती बरीचशी ओसरलेली होती ती सगळीच्या सगळी उभी राहिली, याचा अर्थ ती तोपर्यंत कुठेतरी होतीच. जोन्स यांनी काम सोडले नाही. पीटरला उंच खुर्चीत बसवून त्याच्या आवडीचे खायला द्यायचे आणि त्याच वेळी पिंजऱ्यातला ससा, मुलगा अस्वस्थ होणार नाही इतक्याच अंतरावर, दिवसेंदिवस थोडा थोडा जवळ आणायचा, असा क्रम त्यांनी धरला. शेवटी पीटर सशाला आपली बोटे कुरतडू देऊ लागला. आज भीतीवरच्या वर्तनोपचारांत जी टप्प्याटप्प्याची पद्धत वापरतात, तिचे मूळ या कामात आहे. त्याहून चार वर्षे आधी जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी एका तान्ह्या मुलाला पांढऱ्या उंदराची भीती बाळगायला शिकवले होते आणि ती भीती दूर न करताच त्याला जाऊ दिले होते. तो प्रयोग सर्वांच्या लक्षात राहिला, आणि जोन्स यांचे काम मात्र कित्येक दशके दुर्लक्षित राहिले, हे मला अन्यायाचे वाटते.

जागेचा प्रश्न नेमकेपणाने पुढे आला तो १९७९ मध्ये, मार्क बाउटन आणि रॉबर्ट बोल्स यांच्या उंदरांवरील प्रयोगांतून. एका पेटीत विशिष्ट आवाजानंतर सौम्य विजेचा झटका मिळतो हे उंदीर शिकले. मग दुसऱ्या, वेगळ्या दिसणाऱ्या पेटीत तोच आवाज झटक्याशिवाय पुन्हा पुन्हा ऐकवला, आणि भीती गेली. उंदरांना पहिल्या पेटीत परत नेल्यावर त्याच आवाजाने भीती परतली. पुढच्या प्रयोगांत असेही आढळले की पूर्णपणे तिसऱ्या, कधीही न पाहिलेल्या जागी नेले तरी भीती बऱ्याच अंशी परतते. मला सर्वांत मोलाचे वाटते ते यातले असमान नाते. ‘आवाज म्हणजे धोका’ हे पहिले शिकणे जागा ओलांडून सहज सोबत येते. ‘आवाज म्हणजे आता काही नाही’ हे दुसरे शिकणे मात्र आपल्या जागेपाशीच अडून बसते. प्राण्याच्या दृष्टीने यात शहाणपणही आहे. धोक्याची खूण सगळीकडे खरी मानणे हिताचे, आणि ‘इथे धोका नाही’ हा अपवाद ‘इथे’पुरताच मानणे अधिक सुरक्षित.

घरगुती उदाहरण घ्यायचे तर मोबाइल मागणाऱ्या त्या मुलाचेच घेऊ. त्याची सवय पुण्याच्या घरात, आईवडिलांच्या देखत, त्या जेवणाच्या टेबलावर गेलेली असते. मे महिन्यात तो आजोळी जातो आणि पहिल्याच जेवणाला मोबाइल मागतो. आई आजीला दोष देते, आजी आईला. खरे तर आजीने काहीही करण्याआधीच जागा बदललेली असते, आणि त्या जागी ‘मागूनही मिळत नाही’ हे मूल अजून शिकलेलेच नसते. आजीने एक-दोनदा दिला आणि एक-दोनदा नाकारला, तर सवय आणखी चिवट होते, कारण कधी मिळते आणि कधी मिळत नाही अशा अनियमित प्रबलनावर, म्हणजे वर्तनाला मिळणाऱ्या फळावर, जोपासलेले वर्तन नियमित प्रबलनावरच्या वर्तनापेक्षा विझायला जास्त वेळ घेते.

व्यसनाच्या बाबतीत हाच नियम जिवावर बेतू शकतो. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील शेपर्ड सीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये उंदरांना वाढत्या मात्रेत हेरॉइन देऊन त्याची सवय लावली, आणि ही टोचणी नेहमी एकाच खोलीत दिली. शेवटी सर्वांना मोठी मात्रा दिली. ज्यांनी हेरॉइन कधीच घेतले नव्हते त्या उंदरांपैकी सुमारे ९६ टक्के मेले. नेहमीच्या खोलीत मात्रा मिळालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मेले. मात्र तितकीच सवय असलेल्या, पण जिथे हेरॉइन कधीच मिळाले नव्हते अशा खोलीत ती मात्रा मिळालेल्या उंदरांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश मेले. नेहमीची खोली दिसताच शरीर अमली पदार्थाच्या परिणामाविरुद्ध आधीच तयारी करू लागते, असे सीगल यांचे स्पष्टीकरण आहे. हीच तयारी, पदार्थ मिळाला नाही तर, तलफ आणि बेचैनी म्हणून जाणवते.

व्हिएतनाममधून सप्टेंबर १९७१ मध्ये परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी केलेला अभ्यास याची दुसरी बाजू दाखवतो. त्यांपैकी सुमारे एक पंचमांश सैनिकांनी तिथे हेरॉइनसारख्या पदार्थांच्या आहारी गेल्याचे सांगितले होते, आणि मायदेशी ते मोठे संकट ठरेल अशी सरकारला धास्ती होती. प्रत्यक्षात, तिथे व्यसनी झालेल्यांपैकी परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात सुमारे ५ टक्के, आणि तीन वर्षांत सुमारे १२ टक्के पुन्हा व्यसनाधीन झाले. यामागे इतरही कारणे होती: युद्धाचा ताण संपला होता, तिथल्यासारखा स्वस्त आणि शुद्ध माल घरी मिळत नव्हता. तरीही ज्या छावणीत, ज्या सोबत्यांत आणि ज्या कंटाळ्यात ती सवय लागली, ते सारे एका विमानप्रवासात मागे पडले, हे कारण मला दुय्यम वाटत नाही.

आपल्याकडच्या रुग्णाचा प्रवास याच्या बरोबर उलट्या दिशेने होतो. तो गावी, नाक्यावर, मित्रांत प्यायला शिकतो. केंद्रात, अनोळखी इमारतीत, प्रार्थना, व्यायाम आणि गटचर्चेच्या दिनक्रमात न पिणे शिकतो. आणि मग त्याला बरोबर त्याच नाक्यावर परत सोडले जाते. बाउटन यांच्या उंदरांना पहिल्या पेटीत परत नेण्याचाच हा प्रकार आहे. १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या संस्था उपचारानंतरच्या पाठपुराव्यावर आणि कुटुंबाच्या सहभागावर इतका भर का देतात, हे या दृष्टीने पाहिले तर लख्ख कळते. पाठपुरावा ही उपचारानंतरची पुरवणी नसून, दुसरे शिकणे मूळ जागी पोहोचवण्याचा तोच खरा भाग आहे, असे मी मानते.

भीतीवरच्या उपचारांतही हाच विचार आता रुजतो आहे. कुत्र्याची भीती एकाच दवाखान्यात, एकाच शांत कुत्र्याबरोबर घालवण्यापेक्षा निरनिराळ्या जागी, निरनिराळ्या कुत्र्यांबरोबर सराव केला तर ती परतण्याची शक्यता कमी होते, असे प्रयोगांतून दिसते. म्हणून ‘आता किती दिवसांनी निर्धास्त व्हायचे?’ असे एखाद्या पत्नीने किंवा आईने विचारले, तर मी दिवसांचा हिशेब देत नाही. तो माणूस कोणत्या रस्त्याने कामावरून परततो, पगाराच्या संध्याकाळी कुठे थांबत असे, हळदीला किंवा वरातीत त्याच्या हातात पेला कोण देत असे, हे मी विचारते. आणि त्या प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा जाताना त्याच्याबरोबर कोण असेल, हे दोघांनी मिळून आधीच ठरवावे असे सांगते.