डाव्या पायाची नाडी

वारीत दिवे घाट चढून सासवडला पोचले, तरी मोजा काढायचा धीर होत नव्हता. डाव्या टाचेला मोठ्या बटणाएवढा फोड आला होता. दिवसभर चालताना पाय हलके वाटत होते आणि मुक्कामावरच्या समाज आरतीला उभी राहिले तशी शिसं ओतल्यासारखे झाले. घोट्याला मोज्याचा काठ रुतून खोल वळ उठला.

असं का होतं, ते मी 19 वर्षं शरीररचनाशास्त्राच्या वर्गात शिकवते आहे. माणूस न हलता उभा राहिला की हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताचा भार घोट्याजवळच्या शिरांवर येतो. पाऱ्याचे 80 ते 90 मिलिमीटर एवढा दाब. चालू लागलं की पोटरीचे स्नायू आवळतात, आतल्या खोल शिरा पिळून रक्त वर चढवतात आणि शिरांमधल्या झडपा ते मागे येऊ देत नाहीत. काही पावलांत दाब 30 च्या आसपास उतरतो. घाटात मृदंगाच्या ठेक्यावर पुढच्या दिंडीतल्या पोटऱ्या एका वेळी आवळताना दिसत होत्या, तेव्हा अंगावर काटा आला होता. आरतीच्या वेळी मात्र मनात विठ्ठल नव्हता. कुठे टेकायला मिळेल, एवढंच होतं.

जेजुरीत भंडारा अंगावर पडला. बाकी काही आठवत नाही.

वाल्ह्याच्या वाटेवर दुपारी मी बाभळीखाली बसले ती उठेचना. दिंडी पुढे गेली. मागून कर्णे वाजवत सामानाचे ट्रक येत होते, त्यांचा राग येत होता. ‘माउली, माउली’ म्हणत विचारपूस करून निघून जाणाऱ्यांचाही येत होता. मग सत्तरीच्या एक मावशी शेजारी येऊन बसल्या आणि न विचारता माझा पाय त्यांनी मांडीवर घेतला. पदराच्या गाठीतून सुई निघाली, दोरा निघाला.

“मावशी, नको. फोड फोडायचा नसतो.”

“फोडत न्हाई. दोरा ववून ठिवते. गप बस, लेकी.”

फोडाची कातडी शाबूत राहिली तर जंतू आत जात नाहीत, हे मला पाठ आहे. तरी पाय मागे घेववला नाही. माझ्या बाटलीतलं जंतुनाशक सुईदोऱ्यावर ओतायला तेवढं लावलं. सुई एका कडेने आत गेली, दुसऱ्या कडेने बाहेर आली. दुखलं नाही, रक्ताचा टिपूस नाही, नुसतं स्वच्छ पाणी. असा फोड त्वचेच्या अगदी वरच्या थरात धरतो आणि त्या थरात रक्तवाहिनी नसते. एवढे थर सोलून दाखवले वर्गात, पण त्यांच्यातली ही सीमा माझ्या स्वतःच्या टाचेवर एका अनोळखी बाईच्या सुईने दाखवली.

मी वाकून त्यांच्या पाया पडले आणि बोटं तिथेच थबकली. उजवा पाय कोमट होता, डावा गार. भर उन्हात गार.

“मावशी, चालताना डावी पोटरी भरून येते का?”

“येते की. शे-दोनशे पावलं झाली की आवळून येते. जरा उभं राह्यलं की सुटते. म्हणून तर मागं पडते मी.”

उजव्या पायाच्या पाठीवर, अंगठा उचलणाऱ्या दोरीसारख्या कंडरेच्या बाहेरच्या अंगाला बोटं ठेवली. ठक, ठक. आतल्या घोट्याच्या मागे पाहिलं, तिथेही ठोका. डाव्या पायाला पाठीवर काही नाही. काही जणांत तिथली रोहिणी जन्मतःच बारीक असते, म्हणून घोट्यामागे चाचपलं. तिथेही काही नाही. गुडघ्याच्या लवणीत खोल दाबून पाहिलं, नाही. संध्याकाळी तंबूत, बायकांच्या आडोशाला, जांघेच्या मध्यावर बोटं टेकवली आणि तिथे ठोका लागला, चांगला भरदार.

म्हणजे अडथळा मांडीत. जांघेतली मोठी रोहिणी मांडीच्या आतल्या अंगाने उतरते, स्नायूंमधल्या बोगद्यातून मागे वळते आणि गुडघ्यामागे निघते. पुढे तिला फाटे फुटतात. पहिला फाटा दोन हाडांमधल्या पडद्यावरून पुढे येऊन नडगीच्या बाजूने पावलाच्या पाठीवर जातो. दुसरा आतल्या घोट्यामागून तळव्यात शिरतो. त्याचीच एक शाखा बाहेरच्या हाडाला धरून उतरते. पाठीवरची आणि तळव्यातली धार तळपायात कमानीसारखी एकमेकींना मिळते. आतून साठत आलेल्या चरबीच्या थराने वाट अडते ती पुष्कळदा त्या बोगद्यातच.

मग हा पाय जगला कसा? जांघेखालीच मोठ्या रोहिणीला एक खोल शाखा फुटते. तिचे धागे गुडघ्याभोवतीच्या जाळ्याला मिळतात. हमरस्ता हळूहळू बंद होत गेला की याच आडवाटा रुंदावतात. चालणं हा या दुखण्यावरचा एक इलाज. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. कुणी न सांगता मावशी वर्षानुवर्षं हेच करत आल्या होत्या. तंबूत त्यांचा पाय हातात धरून मी खूप वेळ बसले होते. देहदान केलेल्या माणसांच्या रोहिण्या मी वर्षानुवर्षं मुलांना दाखवल्या, पण त्या रिकाम्या असतात, चपट्या दोरीसारख्या. हमरस्ता बंद असतानाही वाट काढणारं हे असं काही त्यांत दिसत नाही.

पण मावशी अनवाणी होत्या आणि तिथे मला राग आवरेना. अशा पायाला काटा लागला तर जखम भरायला रक्त पोचत नाही. ती चिघळते, बोट काळं पडतं. “पायताण घाला,” म्हटलं.

“देवाच्या वाटेवर न्हाई.”

मी आवाज चढवला. त्यांनी तोंड फिरवलं. एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून तुलना करून घ्या, रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांना दाखवा, रात्री झोपेत पाऊल दुखू लागलं तर एक दिवसही थांबू नका. सोबत माझे जाड मोज्यांचे दोन जोड ठेवले. त्यांनी ते उचललेही नाहीत.

नीरेचं स्नान, लोणंद, चांदोबाच्या लिंबाचं रिंगण, फलटण, सगळं एकमेकांत मिसळलंय. दर विसाव्याला मी मागे पडलेल्यांत त्यांना शोधत होते.

भंडीशेगावला पाठीवर थाप पडली. मावशीच. खाली बसून त्यांनी पाय पुढे केले. पायांत माझे मोजे होते, तळाशी झिजून जाळी झालेले. चिठ्ठी चार घड्या करून पदराच्या गाठीत, सुईशेजारी. मी मोजे उतरवून दोन्ही पाऊलं बोटाबोटांमधून पाहिली. जखम नव्हती. मग दोन्हीकडे नाडी पाहिली.

“वाजतंय का गं?”

“उजव्यात वाजतंय.”

“डाव्यातलं परत आल्यावर दाखवू तुझ्या डाक्टराला. मोजं घाल आता. दिंडी गेली फुडं.”